लाज कोणी धरावी?

अन्नदान श्रेष्ठ, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कीर्तनात मीही ते शेकडो वेळा सांगितले असेल. पण अन्न द्यावे कसे, याचा विचार आपण तितका करीत नाही. भुकेल्याच्या मुखात घास गेला की दान पुरे झाले, असे समजून मोकळे होतो. ते खरोखर पुरे होते काय, हा प्रश्न रिसोड तालुक्यातल्या एका म्हातारीने माझ्यापुढे टाकला. तो वाचकांपुढे ठेवतो.

त्या गावच्या तरुण पोरांनी २०२० सालच्या टाळेबंदीत धान्याची कोठी सुरू केली. एकादशीला घरात जेवढे शिजत नाही, तेवढे धान्य प्रत्येक घराने काढून ठेवायचे आणि पोरांनी ते गोळा करून देवळामागच्या खोलीत साठवायचे. पूर्वी गावोगाव धर्मगोळा असे, त्यातलाच हा प्रकार. टाळेबंदी उठली, पण कोठी राहिली.

कोणी म्हणेल, सरकारचे रेशन आहे, मग कोठी कशाला? रेशन आहे, हे खरे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. पण कुणाचे नाव कार्डावर चढलेलेच नसते. कुणाच्या बोटांच्या रेषा निंदता-खुरपता झिजून गेलेल्या, मशीन अंगठा घेत नाही. शिवाय आपल्या वाशिमकडे शेतात आता सोयाबीन. ते शेतातून थेट बाजारात जाते, घरच्या चुलीवर शिजत नाही. ज्वारीची कणगी घरात असे तेव्हा शेजारणीला पायलीभर उसने देता येई. आता बहुतेक घरांत कणगीच नाही. म्हणून कोठीची गरज आहे.

वाटपाच्या दिवशी पोरांनी मला कीर्तनाला बोलाविले. मी दात्यांची नावे मोठ्याने वाचली, त्यांना नारळ दिले. मग घेणाऱ्यांची रांग लागली. पोरगा पिशवी पुढे करी, घेणारा हात लावी, दुसरा पोरगा मोबाइलवर फोटो काढी. एक म्हातारी रांगेतून मुकाट्याने निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारी गेलो, विचारले. ती म्हणाली, “महाराज, जवारी पायजे होती मले. पन फोटोत हात कसा पसरू? नातीचं लगन जमवाचं हाय. सोयरे पाहतीन न.”

मी गप्प झालो. घरात दाणा नसून बाई उपाशी राहिली, आणि तिला उपाशी ठेवण्यात माझ्या कीर्तनाचाही हात होता.

पोरांना बोलाविले. त्यांचे म्हणणेही पोकळ नव्हते. “महाराज, फोटो गावाच्या ग्रुपवर गेला नाही तर लोक विचारतात, धान्य गेलं कुठं? हिशेब दाखवावाच लागतो. अन् फोटो पाहूनच दुसरे देतात. पोटाला काय, ज्वारी कशीही आली तरी भाकरीच होते.”

हा पूर्वपक्ष बळकट आहे. देणाऱ्याच्या मनात कीर्तीची हाव असली तरी भुकेल्याची भूक भागतेच, हे मान्य. पण येथे भूक भागली नाही. फोटोने दार बंद झाले. ज्याला लाज आहे तो परत गेला, आणि बहुधा गरजही त्याचीच मोठी. म्हणून दानाची रीत ही केवळ देणाऱ्याच्या मनाची बाब नव्हे. ती घेणाऱ्याच्या पोटाचीही बाब आहे.

आपल्या शास्त्रकारांनी हे ओळखले होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोबदल्याच्या आशेने दिलेले ते राजस, आणि सत्कार न करता अवमानाने दिलेले ते तामस. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला निरोप देताना सांगतात की देताना मनात लाज असावी. लाज घेणाऱ्याने धरायची नाही, देणाऱ्याने धरायची! माझ्याकडे आहे आणि याच्याकडे नाही, याची ती लाज. आपण मात्र ती उचलून गरिबाच्या डोक्यावर ठेवली.

आणि आपल्याला हे अपरिचित आहे काय? शेगावहून गजानन महाराजांची पालखी मेडशी, शिरपूर, रिसोड या वाटेने पंढरीला जाते. तेव्हा वाढणारा आधी वारकऱ्याच्या पायाला हात लावतो आणि मग पत्रावळीवर भाकरी ठेवतो. मी आळंदीला जोग महाराजांच्या संस्थेत पोरवयात माधुकरी मागत असे, तेव्हा झोळीत भाकरी घालणारी बाई मलाच हात जोडी. त्यामुळे मागताना माझी मान कधी खाली गेली नाही. ज्वारी तीच, हात तेच. मग गावातल्या म्हातारीपुढे आपले हात का जुळत नाहीत? वारकऱ्यात देव दिसतो आणि तिच्यात दिसत नाही, असे तर नाही? गाडगेबाबांच्या उपदेशात भुकेल्याला अन्न हे पहिले कलम. एवढ्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतः झाडू आणि फुटके मडके घेऊन हिंडले. देणारा कसा असावा, ते त्यांच्याकडे पाहून शिकावे.

पोरांनी मग रीत बदलली. हिशेब राहिला, चेहरे गेले. देवळाच्या फळ्यावर दरमहा धान्य किती आले आणि किती गेले, एवढेच लिहितात. नावे देणाऱ्यांचीही नाहीत आणि घेणाऱ्यांचीही नाहीत. काकड्याच्या वेळी खोली उघडी असते. पिशवी घेऊन येणारा ठेवायला आला की न्यायला, हे कोणी पाहत नाही. विनोबांनी सर्वोदय-पात्रात घरातल्या लहान मुलाच्या हाताने मूठभर धान्य टाकायला सांगितले होते, तसे काही घरी मुलेच मूठ काढतात.

या रीतीत तोटाही आहे, तो लपवू नये. दोन-चार नारळवाल्यांनी देणे थांबविले. कोणी गरजेपेक्षा जास्त नेतो, असेही होते. पोरे मला विचारतात, “महाराज, लबाडानं नेलं तर?” मी सांगतो, बाबांनो, लबाडाने दोन पायल्या नेल्या तर धान्याचा तोटा. लाजाळू माणूस उपाशी परत गेला तर धर्माचा तोटा. यातला कोणता सोसायचा, ते तुम्ही ठरवा.

ती म्हातारी आता कोठीतून नेते की नाही, मला ठाऊक नाही. आणि ठाऊक नाही, हेच बरे. कीर्तनात दात्यांची नावे वाचणे मात्र मी सोडले आहे.