बाण काय वाहून नेतो?

प्रोग्रॅमची आकृती काढा म्हटलं की बहुतेकांच्या हातून फ्लोचार्टच उतरतो. सवय जुनी आहे. १९४७ साली हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी संगणकाची कामं अशाच आकृत्यांनी मांडली होती. त्यातला बाण म्हणजे हुकूम: हे झालं, आता तिकडे वळ.

१९७४ साली स्टीव्हन्स, मायर्स आणि कॉन्स्टंटाइन यांचा लेख 'आयबीएम सिस्टिम्स जर्नल'मध्ये आला, चार वर्षांनी टॉम डीमार्को यांचं पुस्तक. या वाटेवर बाणाचं काम पालटलं. हुकूम सोडणारा बाण हमाल झाला. 'आधी काय, मग काय' हा प्रश्न मागे पडला आणि 'कुठून काय येतं, कुठे जातं' हा पुढे आला. हीच डेटा फ्लो डायग्रॅम.

गावातलं वाचनालय घ्या. सभासद हा बाहेरचा घटक, त्याला चौकोन. नोंदवही हा साठा, दोन समांतर रेषा. टेबलावर चालणारं काम म्हणजे प्रक्रिया, तिला वर्तुळ. (गेन आणि सार्सन यांनी वर्तुळाऐवजी गोल कोपऱ्यांचा चौकोन घेतला, भांडण्याजोगं त्यात काही नाही.) बाणावर मात्र 'पुस्तक' लिहू नये. पुस्तक सभासदाच्या पिशवीतून जातं. आकृतीतून जातो तो दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, तारीख.

प्रक्रियेचं नाव क्रियापदात हवं, असा दंडक आहे. तो मला आधी किरकोळ वाटायचा. पण त्या टेबलाला आपण 'देवघेव' म्हणतो, आणि वर्तुळात हा शब्द लिहिला की दोन कामं एकात लपतात. 'पुस्तक देणे' याला वर्गणी भरली आहे का ते लागतं. 'परत घेणे' याला दिल्याची तारीख आणि दंडाचा दर. नाव नीट दिलं की वर्तुळ आपोआप दुभंगतं.

सभासदाकडून थेट नोंदवहीकडे बाण काढता येत नाही, मध्ये प्रक्रिया हवीच. साठा स्वतःहून काही करत नाही. माहितीची ही विश्रांती फ्लोचार्टमध्ये दिसतच नव्हती. उलट वेळ, क्रम, 'असं असेल तर' हे सगळं इथे गळून पडतं, आणि ते गळणं परवडतं की नाही हे कामावर ठरतं.

आपल्याकडे बीसीए-एमसीएच्या प्रोजेक्ट रिपोर्टात ही आकृती हमखास असते. बहुधा कोड लिहून झाल्यावर, बाइंडिंगच्या आदल्या रात्री काढलेली.

तिला दुसरा जन्म दिला तो सुरक्षेची चिंता करणाऱ्यांनी. चिन्हं तीच, फक्त एक तुटक रेषा वाढली: विश्वासाची हद्द. सभासद टेबलापाशी उभा होता तेव्हा ग्रंथपाल त्याला चेहऱ्याने ओळखत. आता तो घरून मोबाइलवर मुदत वाढवून मागतो. बाण तोच, सभासद क्रमांक तोच; पण तो तुटक रेषा ओलांडून येतो, आणि वर्तुळाला आधी विचारावं लागतं, हा क्रमांक पाठवणारा नक्की कोण?