कोणाला दूर ठेवायचे?



रक्तदानानंतरच्या तपासणीत गोव्याच्या डॉमिनिक डिसोझा यांना एचआयव्ही असल्याचे आढळले. १९८९ साली त्यांना ६४ दिवस कोंडून ठेवले गेले. त्यांच्या आईला मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. यातून रक्षण कोणाचे झाले?

हा विषाणू असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला होतो. एका चाळीत राहिल्याने वा एका ताटात जेवल्याने नव्हे. माणसाला वाळीत टाकून आपण विषाणू अडवत नाही. उलट भीतीने लोक तपासणीच टाळतात. संयम, वैवाहिक निष्ठा, नवी सुई, वेळेवर तपासणी आणि नियमित औषध हाच खरा प्रतिबंध.

प्रभूने कुष्ठरोग्याला आधी स्पर्श केला, मग तो शुद्ध झाला. मिस्सात शांतीचिन्ह देताना आपला हात कोणापुढे आखडतो?