शोधणाऱ्याचें इमान

घरचीं कागदपत्रें कारकुनाच्या हातीं देतांना आपण त्याच्या कौशल्याइतकेंच इमानही पाहतों. संगणकांतील शोधयंत्रही प्रत्येक पत्र वाचून कोणता शब्द कोठें आहे याची सूची ठेवतें. त्या सूचीचा धनी कोण, हाच नीतीचा प्रश्न होय. २०११ मध्यें बंद झालेल्या गूगल डेस्कटॉपनें २००६ मध्यें, एका संगणकावरील मजकूर दुसऱ्यावरून शोधतां यावा म्हणून, त्याच्या प्रती स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्याची सोय दिली होती. रिकॉल या मुक्त साधनाची सूची आपल्याच संगणकावर राहते आणि त्याची घडण कोणासही तपासतां येते. सामान्य मनुष्य ती तपासणार नाहीं, हा आक्षेप खरा. पण न्यायालयाचीं द्वारें उघडीं असतात तीं सर्वांनीं आंत जावें म्हणून नव्हे. कोणीही येऊं शकेल या जाणिवेनें न्याय सावध राहावा म्हणून.