दुधातले कपट

दिवाळीच्या दिवसांत आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना एक गोष्ट चमत्कारिक वाटते. फराळाच्या ताटांच्या रांगेत एका ताटात नुसते मुरमुरे असतात. ना त्यांत शेंगदाणा, ना डाळे, ना हळदीचा पिवळा डाग. कुणीतरी विचारतेच, "बाई, सणासुदीला लेकराच्या ताटात हे काय?" मी हसून वेळ मारून नेते. त्या हसण्यामागची हकीकत आज सांगावयाचे ठरवले आहे. ती माझ्या धाकट्या मुलाची आहे, आणि त्याहून अधिक माझ्या एका लबाडीची आहे.

मुलाचे नाव येथे लिहीत नाही. त्याला विचारून त्याची संमती घेणे मला अजून साधलेले नाही. आणि संमतीवाचून केलेल्या गोष्टीचीच ही कहाणी असल्यामुळे तीत तसलीच आणखी एक भर घालण्याची इच्छा नाही. तो आता नऊ वर्षांचा आहे. मोजके शब्द बोलतो. डॉक्टर त्याच्या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा अकरा मुलांचे वर्णन प्रथम सविस्तर लिहिले, तेव्हाच त्यांतली कित्येक मुले तान्हेपणापासून खाण्याला नकार देत आली होती असे त्यांना आढळले होते. अशा मुलांना आपण 'खाण्याचे नखरे' करणारी म्हणतो; पण तो नखरा नव्हे. रंग, वास, दाताखालचा आवाज, जिभेला लागणारा खरखरीतपणा, या साऱ्या गोष्टी त्यांच्यावर एकदम चालून येतात. आपल्याला वरणातला हिंग कळतो. माझ्या मुलाला काल त्या पातेल्यात कोणती भाजी शिजली होती तेही कळते.

त्याचे खाणे पाच पदार्थांचे होते. मोकळा पांढरा भात, ठरलेल्या स्टीलच्या पेल्यातले दूध, मुरमुरे, डाग न पडलेले केळे आणि वर्ध्याचा गोरसपाक. सहाव्या वर्षी त्याचा चेहरा पांढराफटक दिसू लागला. रक्त तपासले. हिमोग्लोबिन आठावर आले होते. डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले आणि जीवनसत्त्वांची एक पूड दिली. चिठ्ठीवर चार ओळी होत्या. त्या चार ओळींनी आमच्या घरातली शांतता दोन वर्षे घालवली.

पहिला उपाय सासूबाईंचा. "पाच लेकरं वाढवले म्या. नाक दाबलं का तोंड उघडते." म्हण जुनी आहे आणि खरीही आहे, तोंड उघडले. पण आत गेलेले सारे बाहेर आले, आणि खोकल्याने मुलगा निळाजांभळा झाला. औषध श्वासनलिकेत गेले असते तर काय झाले असते, या विचाराने सासूबाईंचेच हात कापू लागले. तो उपाय तेथेच थांबला.

मग मी माझा उपाय काढला. मी शाळेत शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच, पण गोष्ट रचण्याची अक्कल आपल्याला इतरांपेक्षा थोडी अधिक आहे, असा एक गर्व मनात होता. मी ते थेंब आणि ती पूड दुधात कालवली. पहिल्या दिवशी चिमूटभर, दुसऱ्या दिवशी जरा अधिक. पेला तोच, जागा तीच, माझा चेहराही तोच. अकरा दिवस हे चालले. मला वाटले, जिंकले.

बाराव्या दिवशी त्याने पेला नाकाशी नेला, खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. जो मुलगा सहसा कुणाच्या डोळ्यांत पाहत नाही, त्याने त्या दिवशी पाहिले. त्यानंतर आजतागायत तो दूध प्यालेला नाही. पाचाचे चार पदार्थ झाले. पण खरी शिक्षा पुढेच होती. माझ्या हातचे केळे तो घेईनासा झाला. मोठ्या बहिणीकडे नेऊन तिच्या हातून सोलून घेऊ लागला. मी दिलेले पाणीसुद्धा हुंगू लागला.

डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "दुधातून देऊ नका, असं मी म्हटलं होतं ना?" म्हटले होते खरे. दुधातल्या चुन्यामुळे लोह अंगी नीट लागत नाही. चहानेही तसेच होते. लिंबू-संत्र्यातल्या 'क' जीवनसत्त्वाने मात्र ते अधिक लागते. म्हणजे ज्या कपटासाठी मी मुलाचा विश्वास गमावला, ते कपट औषध म्हणूनही धड उपयोगाचे नव्हते. ते मी ऐकले नव्हते असे नाही. दुधात लपवणे सोपे होते, म्हणून कानाआड केले होते.

यावर कोणी म्हणेल, बाई, एवढे मनाला काय लावून घेता? मुलाच्या भल्यासाठीच केले ना? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे.

आमचे केळझर नागपूर-वर्धा रस्त्यावर आहे, आणि वर्ध्याजवळच सेवाग्राम. १९३६ साली गांधीजी तेथे राहावयास आले. त्यांच्या आत्मकथेतला एक प्रसंग मी शाळेत असताना वाचला होता. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांवर शस्त्रक्रिया झाली होती आणि त्या फार अशक्त झाल्या होत्या. डरबनच्या डॉक्टरांनी जोहान्सबर्गला फोन करून, त्यांना गोमांसाचा रस देण्याची परवानगी मागितली. गांधीजींनी ती दिली नाही. त्या शुद्धीवर असतील तर त्यांनाच विचारा, असे सुचवले. डरबनला पोचल्यावर कळले की रस आधीच पाजला गेला होता. गांधीजींनी त्याला तोंडावर फसवणूक म्हटले. डॉक्टरांचे म्हणणे असे, की रोग्याला वाचवण्यासाठी त्याला फसवण्यात आम्ही पाप मानत नाही, उलट पुण्यच मानतो. गांधीजींनी मग कस्तुरबांना विचारले. त्यांनी साफ नकार दिला, आणि तसल्या नाजूक प्रकृतीत, पावसाच्या झिमझिमीत, ते त्यांना घेऊन फिनिक्सला निघाले.

शाळेत असताना मी अर्थातच गांधीजींच्या बाजूची होते. हातात थेंबांची बाटली आणि समोर पांढरा पडलेला मुलगा असताना मी डॉक्टरांच्या बाजूची झाले. आजही तो डॉक्टर मला दुष्ट वाटत नाही. त्याला रोगी वाचवावयाचा होता. पण परवानगी मागताना त्याने काम आधीच उरकले होते, एवढे मात्र खरे. आणि मी तर परवानगी मागण्याच्या भानगडीतही पडले नव्हते. कस्तुरबा बोलू शकत होत्या. माझा मुलगा तसे बोलू शकत नाही. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याला सांगण्याचीही गरज नाही, असे मी न कळत धरून चालले होते. वास्तविक त्याने 'नको' म्हटलेच होते. फक्त ते तोंडाने म्हटले नव्हते.

येथे एक अडचण मी टाळणार नाही. लहान मुलाला लस टोचताना आपण कुठे विचारतो? तो रडतो, आपण धरून ठेवतो, आणि सुई टोचली जाते. मग ती जबरदस्ती चालते आणि हे कपट का चालू नये? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकातून मिळाले नाही, घरातच मिळाले. सासूबाईंनी नाक दाबले होते. तरी दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांच्याच हातून भात जेवला. बाटली हातात दिसली की आजी नाक दाबणार आणि बाटली नसली की दाबणार नाही, हे त्याला ठाऊक होते. माझ्या बाबतीत मात्र त्याला काहीच ठाऊक नव्हते. माझा कोणताही पेला, कोणतेही केळे संशयाचे होते. जबरदस्ती वाईटच, आणि घास भरवताना ती जिवावरही बेतू शकते. पण उघड जबरदस्ती एका क्षणापुरती असते. कपट उघडकीस आले की ते मागच्यापुढच्या साऱ्या घासांत कालवले जाते.

शाळेतही हेच वेगळ्या रूपाने पाहिले. सरकारने २०२१ साली पोषक तत्त्वे मिसळलेला तांदूळ देण्याचे जाहीर केले, आणि २०२४ च्या मार्चपर्यंत तो रेशनच्या दुकानांत आणि शाळेच्या खिचडीत टप्प्याटप्प्याने पोचला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घालून दाण्यासारखे दाणे पाडतात, आणि साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांमागे असा एक मिसळतात. हेतू उत्तम. पण ज्यांच्या ताटात तो पडावयाचा त्यांना कित्येक ठिकाणी कुणी नीट सांगितले नाही. दाणा थोडा निराळा दिसतो, पाण्यावर तरंगतो. मग प्लास्टिकचा तांदूळ आल्याची आवई उठली. आमच्याकडच्या बाया सुपात घेऊन ते दाणे खड्यांसारखे वेचून टाकू लागल्या. "बाई, सरकारनं काय कालवलं यात, कोणाले ठाव?" असे एकीने विचारले तेव्हा मला माझ्या मुलाचा पेला आठवला. घरी तर तो मुलगा शिजलेल्या भातातून तो शंभरातला एक दाणा बिनचूक हुडकून ताटाच्या कडेला ओळीने मांडत असे. ज्या बायांना समजावून सांगितले, त्यांनी वेचणे बहुतेक थांबवले. सांगण्याचे दुसरेही कारण आहे. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रोगी पुष्कळ घरांत आहेत, आणि अशा रोग्यांना डॉक्टरांना विचारल्यावाचून लोह देणे बरे नव्हे. लपवून दिले, की ज्याने घेऊ नये त्याचाही नकार आपण काढून घेतो.

आमचे गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, बकासुर येथेच मारला गेला, असे गावात परंपरेने मानतात. ती गोष्ट सांगताना आपण गाडाभर अन्न आणि भीम एवढेच सांगतो. पण तीत एक लहान मूल आहे. राक्षसाकडे कोणी जावयाचे यावर आई, बाप आणि मुलगी रडत वाद घालीत असतात, तेव्हा ते बोबडे पोर हातात गवताची काडी घेऊन म्हणते, मी याने राक्षसाला मारीन. सारे रडता रडता हसतात. त्याला कुणी विचारले नव्हते. तरी त्याचेही काही म्हणणे होते.

शेवटी मार्ग दाखवला तो विशेष मुलांना शिकवणाऱ्या एका बाईंनी. त्या म्हणाल्या, "त्याच्या जेवणाला हात लावू नका. जेवण जेवणासारखं राहू द्या, औषध औषधासारखं द्या." मग रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी बाटली त्याच्यासमोर पाटावर ठेवली. पहिले कित्येक दिवस एवढेच. नंतर झाकण त्यानेच उघडावयाचे. नंतर चमचा ओठाला नुसता लावावयाचा, आणि नको असेल तर बाजूला सारावयाचा. त्याने सारला की मी खरोखरच उचलून नेत असे; तेच मला सर्वांत अवघड गेले. भिंतीवर चित्रांची एक पट्टी लावली: बाटली, चमचा, मुरमुरे. एक थेंब, मग दोन. वास सोसवेना तेव्हा डॉक्टरांना विचारून दुसऱ्या चवीचे औषध घेतले. आपल्या मनाने गोळी कुटली नाही की मात्रा बदलली नाही. बाटली त्याच्या ओळखीची झाली तशी ती कुलपात ठेवू लागलो, कारण लोह जास्त पोटात गेले तर लहान मुलाला ते विषासारखे बाधते. पूर्ण मात्रा घ्यावयास त्याला साडेचार महिने लागले. आता तो चमचा स्वतः धरतो आणि "औषध" म्हणतो. हिमोग्लोबिन अकरावर आले आहे.

गुढीपाडव्याला आपण कडुलिंब गुळाबरोबर खातो. गूळ असतो, पण पाला लपवलेला नसतो. कडू आहे हे सर्वांना सांगूनच वाटतो. मी कादंबरीत खोटे लिहिते तेव्हाही मुखपृष्ठावर 'कादंबरी' असे छापलेले असते, आणि वाचक ते वाचूनच पान उलटतो. त्या पेल्यावर काही लिहिलेले नव्हते.

तर मग कधीच लपवू नये काय? असे छातीठोकपणे मी म्हणणार नाही. फिटचे औषध असते, ते आजच्या आज पोटात जाणे भाग असते आणि डॉक्टरांनीही दुसरा इलाज नाही असे सांगितले असते, तर मी पुन्हा लपवले असते. पण ते मी कर्ज काढावे तसे केले असते. फेडावे लागणार हे ध्यानात ठेवून. त्या अकरा दिवसांत मी त्याला कमाई समजत होते, ही माझी चूक.

केळे तो अजून बहिणीकडूनच सोलून घेतो. पाणी मात्र आता न हुंगता पितो. रोज सकाळी मी त्याच पेल्यात दूध भरून त्याच्यापुढे ठेवते. त्यात दुधाखेरीज काही नसते. तो पेला नाकाशी नेतो, खाली ठेवतो आणि बाजूला सारतो. मी तो उचलून नेते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवते.