तिकीट बघण्याचं होतं

बसू नका. उभेच राहा सगळे. मागच्या बाकावरच्यांनीही माना वर करा. कासच्या पठारावर वनसमितीच्या माणसाने सगळ्यांदेखत माझ्यापुढे हात जोडले, "बाई, पोरांना जरा आवरा" म्हणून. इतक्या वर्षांच्या नोकरीत ही वेळ माझ्यावर कुणी आणली नव्हती. तुम्ही आणलीत.

दोरी कशाला बांधली होती? कपडे वाळत घालायला? ती ओलांडून तेरड्यात लोळलात. फोटो शंभर काढले, आणि पाठीखाली चिरडलेल्या फुलाचं नाव विचारलं तर एकाला सांगता येईना.

मी सांगते. तेरड्याच्या बुडाशी नखाएवढी निळी-जांभळी फुलं होती ना, ती सीतेची आसवं. कासचा सडा म्हणजे जांभा दगड. वर माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही, आणि तिच्यात नत्र नावापुरतं. म्हणून ही वनस्पती मातीखाली बारीक पिशव्या लावून बसते आणि ओलीत फिरणारे, डोळ्याला न दिसणारे जीव पकडून पोट भरते. दवबिंदू नावाच्या वनस्पतीची पानं चिकट असतात तीही त्याचसाठी. एवढा खटाटोप कशाला, तर पावसाळ्यात काही आठवडे फुलून बी धरायला. त्यावर तुमचे बूट नाचले. माती दाबली गेली, पिशव्या गेल्या, बी धरायच्या आत फूल गेलं. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. तिची फांदी मोडणारा पुन्हा फूल बघेल तेव्हा त्याचं कॉलेज आटोपलेलं असेल. आणि वायतुरा! त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, सह्याद्री सोडून तो जगात कुठे उगवत नाही. तो एका शहाण्याने उपटून कानावर खोचला.

"गुरं चरतात ते चालतं का?" कोण पुटपुटलं? मोठ्याने विचार, प्रश्न चांगला आहे. हो, चालतं. मध्यंतरी पठाराला जाळीचं कुंपण घातलं होतं. गुरं बाहेर राहिली, गवत माजलं, बुटकी फुलं त्याखाली दडपली, अशी अभ्यासकांनी ओरड केली आणि शेवटी जाळी काढावी लागली. गुरं पिढ्यान्‌पिढ्या गवत खातात, म्हणून फुलांना ऊन मिळतं. तू काय खाल्लंस? वेफर्स. रिकामा पुडा कुठे टाकलास तेही मला ठाऊक आहे.

"आम्ही पैसे भरले होते" हे तर मला ऐकवूच नका. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा ठरवली, त्यात कास आलं आणि गर्दी लोटली. म्हणून तर दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घालावी लागली. तुमच्या शुल्कातून कास, एकीव, आटाळी, कासाणी इथल्या लोकांना हंगामात काम मिळतं, पहारा राहतो, कचरा उचलला जातो. तेव्हा पर्यटकच नकोत असं मी म्हणणार नाही. ते बंद झाले तर राखणाऱ्यांनी तरी कशावर राखायचं? पण त्या ३००० जणांतला प्रत्येक जण "मी एकटाच तर आत गेलो" म्हणाला, तर महिन्याभरात किती पावलं पडतील? करा गुणाकार. तो तरी येतो ना?

सोबत आलेल्या पालकांबद्दल काय बोलावं! एक आई स्वतः सांगत होती, "अजून थोडा आत जा रे, मागे फुलं छान येतील." त्यांना मी पालकसभेत गाठते.

आता बसा. वह्या काढा. समितीला प्रत्येकाने स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं: आपण कुठे पाय टाकला आणि तिथे काय उगवलेलं होतं, नावानिशी. "चुकून गेलो" लिहिलेलं पत्र मी घेणार नाही. आणि तेरड्यात लोळताना केलेलं ते रील आजच्या आज काढून टाका. ते बघून येत्या रविवारी आणखी शंभर जण तिथेच लोळायला जातील.