पाहणारे निर्दोष असतात का?

१९७६ साली निघालेला ‘नेटवर्क’ हा अमेरिकन चित्रपट आम्ही नुकताच पुन्हा पाहिला. पटकथा पॅडी चायेफ्स्की यांची, दिग्दर्शन सिडनी ल्युमेट यांचे. दूरचित्रवाणीचा हा उपहास आता उपहास वाटतच नाही, रोजची बातमी वाटते. पण या वेळी आमचे लक्ष वाहिनीच्या मालकांपेक्षा दुसऱ्याच लोकांकडे गेले.

हॉवर्ड बील हा वृत्तनिवेदक. प्रेक्षक घटले म्हणून त्याला काढून टाकायचे ठरले आहे. थेट प्रक्षेपणात तो जाहीर करतो, पुढच्या आठवड्यात मी याच कार्यक्रमात आत्महत्या करीन. नियंत्रण कक्षातली माणसे गप्पांत दंग असतात. क्षणभर ते वाक्य कुणाच्या कानीही पडत नाही. पुढे त्याचे मन ढळत जाते आणि वाहिनीला कळते की, ढळलेल्या मनाला प्रेक्षक जास्त मिळतात. डायना ही अधिकारी त्याच्याभोवती कार्यक्रमच रचते. त्यात भविष्य सांगणारी बाईसुद्धा! जुना मित्र मॅक्स म्हणतो, हा आजारी आहे, याला उपचार हवेत. नोकरी जाते ती मॅक्सची.

डायनाला खलनायिका ठरवणे सोपे आहे. (फे डनवे यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले, ते योग्यच.) परंतु तिच्या टेबलावरचे आकडे येतात कुठून? संध्याकाळी दमून बसलेल्या, कुणाचे वाईट न चिंतणाऱ्या माणसांच्या घरांतून.

मग पाहणे हे कृत्य आहे का? लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला (अध्याय १०) आठवा. रस्त्यात पडलेल्या माणसाला याजकाने पाहिले, लेवीयाने पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. एकट्या शोमरोन्याचे पाहणे हातापायांत उतरले. पण पहिले दोघे निदान निघून तरी गेले! पडद्यासमोरचा माणूस जात नाही आणि मदतही करीत नाही. तो थांबून बघतो. असा वाटसरू त्या दाखल्यात नाही.

मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याचे थेट चित्रण ज्या रीतीने दाखवले गेले, त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कसाबच्या निकालपत्रात वाहिन्यांना कडक शब्दांत सुनावले. पाहणाऱ्याला मात्र कोणतेही न्यायालय बोलावत नाही. त्याचा जाब विचारायला त्याची सदसद्विवेकबुद्धी तेवढी असते.

कुणी म्हणेल, एका घरातला टीव्ही बंद झाल्याने काय बिघडणार? आकडा हलणार नाही, हे खरे. पण पाहताना वाहिनीचे जसे काही घडते, तसे आपल्या मनाचेही घडते. दुसऱ्याचे रडणे बघत बसायचे, जाहिरात लागली की पाणी प्यायला उठायचे, ही सवय अंगी मुरते. मग शेजारच्या घरातले रडणेही तसेच ऐकू येऊ लागते.

चित्रपटात बील एकदा लोकांना विनवतो, टीव्ही बंद करा, आत्ताच, माझे हे वाक्य अर्धे असतानाच बंद करा. बोलता बोलता तो भोवळ येऊन कोसळतो. स्टुडिओत जमलेले लोक टाळ्या वाजवतात.