मंद झालेली दृष्टि

म्हातारपणीं इसहाकाला समोरचा पुत्र ओळखवेना. त्यानें हातांनीं चांचपून पाहिलें, तरी घरच्यांनींच त्याला फसविलें. वढू बुद्रुकसारख्या भीमाकांठच्या गांवांतही "म्हातारा ओळख देत नाहीं" असा बोल आपण सहज लावतों. परंतु तो गर्व नसेल. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाचा, उतारवयांतला विकार असेल. त्यांत समोरचा चेहरा पुसट होतो, सरळ चौकट वांकडी दिसते, कडेचें मात्र दिसत राहतें. हा मोतीबिंदु नव्हे. भिंग बदलल्यानें जात नाहीं. याचा कोरडा प्रकार सावकाश वाढतो. ओला प्रकार थोड्या दिवसांत दृष्टि नेतो, पण डोळ्यांत वेळेवर दिलेल्या इंजेक्शनांनीं तो बहुधा आंवरतो. म्हणून वृद्धांनीं एकेक डोळा झांकून दाराची चौकट पाहावी. ती वांकडी दिसली, तर विलंब न करितां पुण्यास नेत्रवैद्याकडे जावें. बिडीच्या धुरानें हा रोग बळावतो, ती सोडावी.

आणि तरुणांनीं? जवळ जाऊन आधीं आपलें नांव सांगावें, शास्त्र वाचून दाखवावें, पैसे मोजून हातीं द्यावे. ज्या घरीं मंद दृष्टीच्या बापाला कोणी फसवीत नाहीं, त्या घरीं आशीर्वाद चोरावा लागत नाहीं.